सिंहगड रस्त्यावरून तीन हजार मीटर खाली

प्रश्न : माझं वय ५८. शिक्षण बी.ए., मराठी विषय घेऊन. राहते सिंहगड रस्त्याला. दिवाळीत भाच्याने मोबाइलवर समुद्राच्या तळाचं लाइव्ह दाखवलं. जहाजावरून खाली सोडलेलं यंत्र, त्याच्या दिव्यांत दिसणारे मासे आणि कोळंबी, आणि वर बसून बोलणारे शास्त्रज्ञ. तेव्हापासून मला त्याचं वेडच लागलंय. रात्री दीड-दोनपर्यंत बघत बसते, सकाळी डोकं जड होतं. मिस्टर म्हणतात, "पुण्यात कुठे आलाय समुद्र? आणि या वयात तुला त्याचं करायचंय काय?" मुलीला हा टाइमपास वाटतो. शास्त्रज्ञांचं इंग्रजी मला निम्मंअधिक कळत नाही. एकदा धीर करून प्रश्न टाइप केला होता, की खाली एवढा काळोख आहे तर ती कोळंबी इतकी लालभडक कशाला? पण इंग्रजी चुकलं तर हसतील म्हणून पुसून टाकला. मला नुसतं बघत बसायचं नाही, नीट शिकायचंय. माझ्यासारखीने या वाटेला जाण्यात अर्थ आहे का? आणि आपल्या देशाच्या मोहिमा अशा घरबसल्या दिसतात का?
— एक वाचक, आनंदनगर

उत्तर :

ताई, अर्थ आहे. भरपूर आहे. तुम्हाला शिकायचंय म्हणता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी झोपेचं बघू, कारण ती मोडायची काही गरज नाही. जहाज ज्या समुद्रात असेल तिथल्या घड्याळाने काम चालतं. हवाईजवळ सकाळी आठला यान पाण्यात सोडलं, तर आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. यान मिनिटाला साधारण तीस मीटर उतरतं. तीन हजार मीटरवरचा तळ गाठायलाच दीड तासाहून जास्त लागतो, म्हणजे तळ दिसेपर्यंत तुमचा एक वाजून जातो. तेच जहाज गुआमजवळ असलं तर तिथली दुपारची एक म्हणजे आपली सकाळची साडेआठ. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यालगत असलं तर तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपली संध्याकाळची साडेपाच. तेव्हा जहाज कुठे आहे ते आधी पाहा आणि मग वेळ ठरवा. काही बुड्या तर रात्रंदिवस चालतात, त्यांत आपल्या सोयीची वेळ सापडतेच. 'फाल्कोर टू' या जहाजाच्या बुड्यांची रेकॉर्डिंग यूट्यूबवर राहतात, ती दुपारी बघा. लाइव्हची ओढ मला कळते. पुढच्या क्षणी दिव्यात काय येणार हे त्या शास्त्रज्ञांनाही ठाऊक नसतं आणि तुम्हालाही नसतं. त्यासाठी एखाद्या रात्री जरूर जागा. रोज नको.

आता "पुण्यात बसून" या मुद्द्याकडे येते. घरी बसून पाहणं म्हणजे दुय्यम दर्जाचं काहीतरी, असं तुमच्या घरच्यांना वाटतंय आणि थोडंसं तुम्हालाही वाटतंय. पण या मोहिमा चालतात कशा ते बघा. अमेरिकन सरकारचं 'ओकियानोस एक्स्प्लोरर' हे जहाज निघतं तेव्हा त्यावर शास्त्रज्ञ मोजकेच असतात. बाकीचे किनाऱ्यावर, आपापल्या विद्यापीठात नाहीतर घरी, स्क्रीनसमोर बसलेले असतात. उपग्रहामार्फत चित्र त्यांच्यापर्यंत पोचतं आणि फोनवरून ते सांगतात, "जरा डावीकडे वळा, तो स्पंज जवळून दाखवा." प्रवाळाचा जाणकार एका गावात, खेकड्यांचा दुसऱ्या, आणि खडकांचा तिसऱ्या. सगळ्यांना महिनाभर एका जहाजावर नेणं शक्य नाही, म्हणून ही पद्धत मुद्दाम बसवलेली आहे. रॉबर्ट बॅलार्ड यांनी, म्हणजे १९८५ साली टायटॅनिकचे अवशेष शोधणाऱ्या मोहिमेचे एक प्रमुख, त्यांनी २००८ मध्ये जी संस्था काढली तिचं 'नॉटिलस' हे जहाजही असंच चालतं. त्यामुळे तुम्ही ज्या चित्राकडे पाहता ते प्रेक्षकांसाठी वेगळं काढून ठेवलेलं नसतं. त्याच चित्राकडे बघत त्या विषयातली मुरलेली माणसंही आपापल्या खुर्चीत बसलेली असतात.

आणि घरबसल्या पाहणाऱ्याला काही सापडू शकतं का, तर हो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ बार्कली कॅन्यन नावाची दरी आहे. तिथे समुद्राच्या तळावर केबलने जोडलेले कायमचे कॅमेरे आहेत. २०१३च्या जानेवारीत युक्रेनमधला १४ वर्षांचा एक मुलगा घरून ते चित्रण पाहत होता. ८९४ मीटर खोलीवर त्याला दिसलं, की हॅगफिश नावाचा लांबोळा मासा चिखलात आहे आणि अचानक मिशा असलेलं एक नाक आत येऊन त्याला गट्ट करून जातं. त्याने ते कॅमेरे चालवणाऱ्या संस्थेला कळवलं. शास्त्रज्ञांनी पाहिलं, तर तो एलिफंट सील होता, म्हणजे श्वासासाठी वर यावं लागणारा सस्तन प्राणी. इतक्या खोल, काळोखात, शिकार करताना. तो मुलगा कुठल्याच संशोधन संस्थेत नव्हता. तो लक्ष देऊन बघत होता, एवढंच.

आता मुख्य सल्ला. एकच जहाज धरा, आणि त्याची एकच मोहीम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा.

सध्या तुम्ही बहुधा जे समोर येईल ते पाहत असाल: आज पारदर्शक जेलीफिश, उद्या कानवाला ऑक्टोपस, परवा कुठली तरी क्लिप. त्यात मजा आहे, पण त्यातून शिकणं होत नाही. प्रत्येक मोहिमेचं आधी जाहीर केलेलं एक पान असतं. त्यावर कुठे चाललो, का चाललो, नकाशा आणि आधी काय माहीत आहे हे सगळं असतं. ते आधी वाचा, भाच्याच्या मदतीने का होईना. मग पहिली बुडी पाहा. बहुतेक वेळ तुम्हाला चिखल दिसेल. चिखल, त्यावर कुणी तरी ओढत गेल्याच्या रेघा, वरून सतत पडणारे पांढरे कण. त्याला सागरी हिम म्हणतात. वरच्या पाण्यातल्या मेलेल्या जिवांचे, विष्ठेचे कण ते. खालच्या बहुतेक जिवांचं पोट त्यावरच चालतं. हे तुम्हाला कळलं की मग रिकामा चिखल रिकामा राहत नाही. सी ककंबर (काकडीसारखा दिसणारा मऊ प्राणी) चिखल का खातोय, समुद्रपंख (पिसासारखा दिसणारा प्रवाळांचा नातलग) उभा का आहे, प्रवाळाचे सगळे पंखे एकाच दिशेला तोंड करून का आहेत, हे प्रश्न आपोआप पडायला लागतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पाण्याचा प्रवाह. अन्न त्या दिशेने वाहत येतं.

वही ठेवा. साधी, दोनशे पानी. तारीख, जहाजाचं नाव, बुडीचा क्रमांक (प्रत्येक बुडीला तो असतो), आणि स्क्रीनवर दिसणारी खोली आणि तापमान. तळ कसला, चिखल की खडक की बटाट्याएवढ्या काळ्या गाठी. आणि मग काय दिसलं. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा: "पाच लांब सापासारखे हात, प्रवाळाला विळखा." त्याला ब्रिटल स्टार म्हणतात हे तुम्हाला दोन-तीन बुड्यांत ऐकून कळेल. आकाराचा अंदाज घ्यायचा असेल तर चित्रात दोन चमकदार ठिपके शोधा. ते लेझरचे असतात आणि त्यांच्यातलं अंतर सहसा १० सेंटिमीटर ठेवलेलं असतं. पाण्याखाली कशाचाही आकार डोळ्यांना फसवतो, म्हणून ठिपक्यांशिवाय "केवढा मोठा!" असं लिहू नका.

मोहीम संपली की तिथेच सोडू नका. हे मी आग्रहाने सांगते. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या डेव्हिडसन सीमाउंट या बुडालेल्या डोंगरापाशी, सुमारे ३,२०० मीटरवर, 'नॉटिलस'च्या कॅमेऱ्यात ऑक्टोपसच्या माद्या दिसल्या. एक-दोन नाहीत, शेकड्यांनी. सगळ्या आत वळून, हात स्वतःभोवती गुंडाळून अंड्यांवर बसलेल्या. ती क्लिप जगभर फिरली. लोकांनी "अरे वा" म्हटलं आणि पुढे गेले. पण इतक्या माद्या तिथेच का, हे तेव्हा कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. मग संशोधक त्याच जागी परत परत गेले, कॅमेरे आणि तापमापक ठेवून आले. २०२३ मध्ये उत्तर प्रसिद्ध झालं: खडकाच्या फटींतून कोमट पाणी झिरपतं. आजूबाजूचं पाणी दीड-पावणेदोन अंशांचं, आणि माद्या बसतात तिथे पाच ते दहा अंश. एवढ्या ऊबेने अंडी दोन वर्षांच्या आत उबतात. तितक्या थंड पाण्यात एरवी त्याला कितीतरी वर्षं लागली असती. जितके दिवस अंडी उघड्यावर, तितका त्यांना धोका जास्त, म्हणून ही जागा. ज्याने क्लिप पाहिली त्याला ऑक्टोपस दिसले. ज्याने ती जागा पाच वर्षं मनात धरून ठेवली त्याला त्यांचं कारण मिळालं. तुम्ही दुसऱ्या प्रकारच्या प्रेक्षक व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्ही व्हाल.

इंग्रजीची अडचण खरी आहे, पण वाटते तेवढी मोठी नाही. नियंत्रण कक्षातलं बोलणं तेच तेच असतं. पायलटला सूचना, झूम करा, थांबा, नमुना घेऊ या, कुठल्या पेटीत ठेवायचा. शब्द ऐकू येतील तसे देवनागरीत लिहून ठेवा: सॅम्पल (नमुना), सबस्ट्रेट (तळाचा पृष्ठभाग), स्पंज (तळाला चिकटून राहणारा साधा प्राणी), कोरल (प्रवाळ), क्रिनॉइड (पिसांसारख्या हातांचा, तारामाशाचा नातलग), नॉड्यूल (त्या काळ्या गाठी), बसाल्ट (लाव्हाचा काळा दगड). तीस-चाळीस शब्द ओळखीचे झाले की गाडी चालू लागते. रेकॉर्डिंगला बहुतेक वेळा इंग्रजी सबटायटल असतात, आणि यूट्यूबच्या सेटिंगमध्ये जाऊन ती मराठीत वाचता येतात. भाषांतर धेडगुजरी असतं, प्राण्यांची नावं हमखास बिघडतात, तरी संदर्भ लागतो.

भाषेवरून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०२५च्या जुलै-ऑगस्टमध्ये 'फाल्कोर टू' अर्जेंटिनाजवळच्या मार देल प्लाता दरीत गेलं. जहाज परक्या संस्थेचं, पण शास्त्रज्ञ तिथलेच आणि बोलत होते स्पॅनिशमध्ये. झालं असं, की अख्खा देश बघायला बसला. एकाच वेळी पन्नास हजारांहून जास्त माणसं थेट चित्र पाहत होती. एका गुबगुबीत तारामाशाला लोकांनी लाडाचं नाव दिलं. ती माणसं त्याआधी विज्ञानाची शौकीन होती असं नाही. त्यांच्या भाषेत कुणीतरी त्यांच्याशी बोललं, म्हणून ती आली. खोल समुद्राबद्दल मराठीत असं बोलणारी माणसं हवीत. तुमचं मराठीचं शिक्षण इथे कमीपणाचं नाही, उलट उपयोगाचं आहे. वहीतलं एखादं पान घरच्यांना किंवा सोसायटीतल्या मुलांना वाचून दाखवा. पहिल्या दिवशी कुणी ऐकणार नाही कदाचित. तरी दाखवा.

मिस्टरांचा प्रश्न, पुण्यात कुठे आलाय समुद्र. त्यांना एक दिवस घेऊन सिंहगडावर जा, किंवा जवळ हवं तर जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात. तो काळा दगड बसाल्ट आहे. लाव्हा थंड होऊन झालेला. समुद्राच्या तळाचं मूळ कवचही बसाल्टचंच असतं. पाण्याखाली लाव्हा बाहेर पडला की पटकन निवतो आणि गोलसर लोडांसारख्या राशी होतात, त्या तुम्ही लाइव्हमध्ये पाहिल्या असतील. आपल्याकडचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीवर थरांवर थर पसरत गेला, म्हणून सह्याद्रीला त्या पायऱ्या आहेत. आणि बहुतेक भूवैज्ञानिक मानतात की ज्या उष्ण स्रोतामुळे हे झालं तो आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे त्या स्रोताची खूण उरली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बुडालेल्या डोंगरांची रांग. रियुनियनवरचा ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे सिंहगडाच्या दगडाचं कूळ शोधत गेलं तर माणूस थेट समुद्राच्या तळाशी पोचतो. शास्त्रज्ञ लाइव्हमध्ये "बसाल्ट" म्हणतील तेव्हा आपल्या पायाखालचाच दगड आठवा. माझ्या मते पुणेकरासारखा दुसरा कुणी या विषयाला इतका जवळचा नाही.

"या वयात करायचंय काय" याला मी उत्तर देणार नाही. शिकायला काही करायचं असावंच लागतं असं मला वाटत नाही.

आपल्या देशाच्या मोहिमा. इथे मला थोडं वाईट वाटतं, कारण काम मोठं चाललंय आणि ते घरी बसलेल्याला रोज असं दिसत नाही. निदान मी आपल्या जहाजावरून अशी रोजची थेट बुडी पाहिलेली नाही. पण बातम्यांच्या मागे राहा. २०२१ मध्ये केंद्राने खोल समुद्र मोहीम मंजूर केली, ४,०७७ कोटी रुपयांची. त्यात चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था 'मत्स्य ६०००' हे यान बनवते आहे. तीन माणसं बसतील असा टायटॅनियमचा गोळा, ६,००० मीटरपर्यंत जाणारा. तिथे दाब वरच्यापेक्षा सुमारे सहाशे पट. तयारी म्हणून २०२५च्या ऑगस्टमध्ये दोन भारतीय फ्रान्सच्या 'नॉटील' यानातून अटलांटिकमध्ये उतरले, एक ४,०२५ मीटरपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुसरे ५,००२ मीटरपर्यंत. त्याआधी २०२४च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या आणि चेन्नईच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात साडेचार हजार मीटरवर प्रचंड तापलेल्या पाण्याच्या झऱ्याचं छायाचित्र घेतलं. आपल्या महासागरात अशाच झऱ्यांपाशी एक गोगलगाय राहते, तिच्या पायावर लोहाच्या संयुगाचे खवले असतात. तो फोटो जरूर शोधून पाहा. आणि त्या काळ्या गाठी, मँगनीजसारखे धातू असलेल्या नॉड्यूल, भारताने अरबी समुद्रातून पहिल्यांदा वर काढल्या २६ जानेवारी १९८१ रोजी, 'गवेषणी' जहाजावरून. आता त्या खणून काढायच्या का, यावर जगभर वाद आहे. एक गाठ काही मिलिमीटर वाढायला दहा लाख वर्षं लागतात. तुम्ही तळ पाहत राहिलात तर या वादात तुमचंही काही मत तयार होईल, आणि ते पाहून झालेलं मत असेल. २०२५ सालच्या एका अभ्यासानुसार खोल समुद्राच्या तळाचा ०.००१ टक्क्याहूनही कमी भाग आजवर माणसाच्या नजरेखालून गेलाय. त्यामुळे पाहणाऱ्यांची गरज आहे.

रोज काही हवंच असेल तर आर्गो या जगव्यापी प्रकल्पाचे तरंगक, म्हणजे समुद्रात सोडलेली मोजणीची यंत्रं, पाहा. जगभरच्या समुद्रांत असे जवळजवळ चार हजार आहेत. हजार मीटरवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरवर जाऊन वर येतात आणि तापमान, क्षारता उपग्रहाला सांगतात. हिंदी महासागरातल्या तरंगकांची माहिती हैदराबादची इन्कॉइस ही संस्था सगळ्यांसाठी खुली ठेवते. खडकवासल्यात येणाऱ्या पावसाचा अभ्यास पाषाणच्या हवामान संस्थेत चालतो, त्यालाही समुद्राचीच उष्णता मोजावी लागते.

एक सावधगिरी. व्हॉट्सॲपवर "खोल समुद्रात सापडलेला" म्हणून जे विचित्र प्राणी येतात, त्यांतले पुष्कळ आता संगणकाने बनवलेले असतात. जहाजाच्या स्वतःच्या पानावर ते चित्रण नसेल, खोली आणि जागा दिलेली नसेल, तर पुढे पाठवू नका.

आता तुमचा पुसलेला प्रश्न. फार चांगला प्रश्न आहे तो. सूर्यप्रकाशातला लाल रंग पाणी सगळ्यात आधी शोषून घेतं. खाली लाल प्रकाशच नाही, त्यामुळे लाल कोळंबी तिथे काळी, म्हणजे जवळजवळ अदृश्य असते. खोल पाण्यातले बरेच जीव स्वतःचा निळसर प्रकाश पाडून भक्ष्य शोधतात, त्यातही ती दिसत नाही. तुम्हाला ती लालभडक दिसते कारण यानाचे दिवे पांढरे असतात. पण गोष्ट इथे संपत नाही. काही ड्रॅगनफिशांना डोळ्याखाली लाल प्रकाशाचा दिवा असतो आणि तो रंग दिसतोही. त्यांच्यापुढे कोळंबीची युक्ती चालत असेल का? हे विचारा. 'नॉटिलस'च्या संकेतस्थळावर प्रश्नाची चौकट असते, 'फाल्कोर टू'च्या यूट्यूब चॅटमध्येही लिहिता येतं. वाक्य असं टाका: "डू रेड श्रिम्प्स हाइड फ्रॉम ड्रॅगनफिश विथ रेड लाइट?" भाच्याकडून स्पेलिंग तपासून घ्या हवं तर. जगभरातून मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न येतात आणि त्यांना उत्तरं मिळतात. यान तळाला पोचून काही शांत मिनिटं असतील तेव्हा पाठवा, नमुना घेण्याची गडबड चालू असताना नको. उत्तर नाही आलं तर पुढच्या बुडीला परत पाठवा.